काजव्याचा झगा कुणाचा?

सोमवारी दुपारी तू कांद्याच्या वाफ्यात खुरपायला बसलीस. तुझ्या जावेनं चहाला हाक मारली. तू ओ दिली नाहीस. तुला मंचरला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की तू गेलीस.

मंदे, तो दवाखाना माझ्या वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी त्या वेळी पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत होते. बाहेरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. ती तुझी होती हे मला नंतर कळलं. फोन आला तोवर तुला घेऊन सगळे निरगुडसरला परत निघालेही होते. तेव्हापासून काही गोष्टी माझ्या डोक्यात नीट बसत नाहीत. त्या विचारायला तुझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून हे लिहिते आहे. हळूहळू लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुमे, तुझी एक ओळ व्हईस्तवर माझं एक पोलकं शिवून व्हतंय."

तुझ्या दहाव्याला मी आले होते. आमच्या घरी ही रीत नाही. आम्ही पुण्यानुमोदनाला जमतो, वंदना म्हणतो, माणसाबद्दल चार शब्द बोलतो. तुमच्याकडचं दहावं मी नेहमी लांबून पाहिलेलं, त्यामुळे कुठे बसावं, कधी उठावं हे कळत नव्हतं. माणसं नदीवरून परतली, जेवणं झाली, तेव्हा मी तुझ्या जावेला, हिराबाईला, बाजूला घेऊन विचारलं, "मंदाची ती पत्र्याची पेटी कुठंय?"

"हाय की पेटी. कापडं दिली."

"कुठली कापडं?"

"समदी. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत न्हाईत, बाई. कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडल्यात, तितं वाटली."

मला वाटलं, तिचा काहीतरी घोटाळा झालाय. मी समजावून सांगू लागले, की त्यातले अर्धे कपडे मंदाचे नव्हतेच. ते सिनेमाचे होते, खास सिनेमासाठी शिवलेले. मंदाने ते गावोगाव फिरून जमवले होते. हिराबाई हातातली पातेली तशीच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक न्हाई व्हय? माझ्याम्होरंच जमवली तिनं. पण तिनं जमवली म्हंजी तिचीच की. तिचा समदा जीव त्यात व्हता. ती घरात ठेवली असती तर सुटली असती का ती?"

मला रागवायचं होतं, पण कशावर रागवायचं ते सापडेना. तिनं तुझ्या साड्यांच्या घडीवर त्या कपड्यांची घडी ठेवली आणि दोन्ही सारख्याच मायेनं उचलून दिल्या. उंदरांच्या भीतीनं तूच तर सगळं एका पेटीत ठेवलं होतंस.

"फाटकं मातर दिलं न्हाई," ती म्हणाली. "फाटकं देऊ नये. ते ठेवलंय गोठ्यात. बारीकसारीक उसवलं व्हतं ते शिवून दिलं." आणि ती भांडी घासायला गेली.

तुला माहीत असलेलंच आता पुन्हा सांगते, कारण मला त्याचा क्रम लावायचा आहे. आपण मढच्या शाळेत पाचवीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत घाटाखालच्या माळावर शूटिंगवाले आले. सिनेमा मुलांसाठी होता आणि दिवाळीच्या सुट्टीत लागणार होता. त्याचं खरं नाव आपल्याकडे कुणी घेतलंच नाही, सगळे "दिवाळीचा शिनेमा" म्हणत. काळोखराजा जगातल्या सगळ्या पणत्या चोरून नेतो आणि रानातले काजवे त्या परत आणतात, अशी गोष्ट. माळावर प्लायवूडचा आणि सोनेरी कागदाचा महाल उभा राहिला. काजवे व्हायला गावातली मुलं घेतली, त्यांत आपण दोघी. पिवळसर हिरव्या जाळीचा झगा, पाठीवर तारेचे पंख आणि तोंडावर कागदाच्या लगद्याचा मुखवटा. सगळं आलं होतं मुंबईहून, ट्रंका भरून.

मुखवटा चढवला, की कोण कुठल्या वाडीवरचं, कोण कुठल्या वस्तीतलं, काही कळायचं नाही. त्या रांगेत कुणीही कुणाच्या शेजारी उभं राहत होतं. मला तो झगा इतका का लक्षात राहिला, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तूही सांगितलं नाहीस. सातवीनंतर तुझी शाळा सोडवली, पुढे लग्न झालं, आणि त्यानंतर तुला कुणी कशासाठी निवडलं असं तुझ्या बोलण्यात कधी आलं नाही. एवढं माझं मलाच कळलेलं.

शूटिंग संपलं तेव्हा महालाचे तुकडे भरून गाडीत जागा उरली नाही. कपडेवाल्या माणसानं उरलेल्या ट्रंका शाळेच्या ओट्यावर उघडल्या आणि म्हणाला, घेऊन जा. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याच्या घरी गेलं. पुढे पाव्हण्यारावळ्यांतून, लेकीसुनांच्या गाठोड्यांतून ते तुझ्या माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही तालुक्यांत पसरलं. आपल्या हाताला काहीच लागलं नाही. आपण दोघी त्या दिवशी कुठे होतो कुणास ठाऊक.

तू ते जमवायला का लागलीस, हे मी तुला कितीदा विचारलं. "जमतंय म्हणून," एवढंच तुझं उत्तर. एक दिवस वाचनालयात येऊन माझ्या टेबलावर पिशवी ठेवलीस आणि म्हणालीस, "चल, बोरीला जायचंय. राजा सापडला."

बोरी बुद्रुकला कांद्याच्या शेतात काळोखराजाचा डगला एका बुजगावण्याच्या अंगावर होता. मखमल उन्हानं तांबूस पडली होती, पण गळ्याभोवतीची चांदीची नागमोडी किनार तशीच होती. शेताचे मालक दगडूभाऊ बांधावर बसून बिडी ओढत होते.

"भाऊ, ह्ये कापड द्याल का? त्याच्या बदली आमच्या ह्यांचा कोट देते. लगीन झाल्यापासून दोनदाच घातलाय."

दगडूभाऊंनी कोट हातात घेऊन उलटसुलट केला. "कोट घातला तर बुजगावणं सायब दिसंल, ताई. सायबाला डुकरं भीत न्हाईत. राजाला भित्यात."

मी म्हटलं, पुन्हा मागून बघू, ऐकतील ते. तू मला ओढत रस्त्यावर आणलंस. तुझा नियम त्या दिवशी ठरला: अंगावरचं मागायचं नाही. ज्यानं घातलंय त्यानं आपल्या हातानं उतरवल्यावरच मागायचं, आणि कपड्याला कपडाच द्यायचा.

"अगं, बुजगावण्याला कुठलं अंग?"

"उभं हाय, हात पसरून हाय, ऊन खातंय. अंग न्हाई कसं?"

यावर एसटी येईपर्यंत आपलं भांडण. कांदा निघाल्यावर आपण परत गेलो. डगला खाली उतरला होता. तू दगडूभाऊंना नवा सदरा शिवून नेला होतास, आणि वर कोटही दिलास. "घ्या, पुढल्या साली सायब करून बघा." ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

तू नसतीस तर मी आपल्याच तालुक्यातली गावं नकाशात वाचली असती. तुझ्यामुळे मी परक्यांच्या ओसरीवर बसायला शिकले, अनोळखी घरचा चहा प्यायला शिकले. एका म्हातारीनं परीराणीचा घोळदार झगा कापून गोधडीत घातला होता. तू ती उसवायला मागशील असं मला वाटलं. तू ती फक्त अंगावर घेतलीस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "राणी लई ऊबदार व्हती गं." गोधडी तिथेच ठेवून आपण निघालो. मी रस्ताभर चिडचिड करत होते, की त्यातला एक तुकडा तरी घ्यायचास. तू शेंगा सोलत होतीस.

आणि मग काजव्याचा झगा सापडला. तोही मढलाच, येसूआत्याच्या घरी. इतकी वर्षं आपण सगळीकडे फिरलो आणि तो शाळेमागच्या घरात मिक्सरवर घातलेला होता. मिक्सरला धूळ लागू नये म्हणून. तू दारातच बसलीस हसत. "आता? मिक्सरच्या अंगावरचं मागायचं का?" येसूआत्याला काही कळेना. तिनं झगा काढला, झटकला आणि तुझ्या हातात दिला. तू तिला कापडाचं कव्हर शिवून देण्याचा शब्द दिलास आणि पुढच्याच खेपेला दिलंस.

तो साधा काजवा नव्हता. छातीवर चंदेरी टिकल्यांचा गोल असलेला तो एकच झगा होता, सगळ्यांत पुढे चालणाऱ्या काजव्याचा. पहिली पणती तोच लावतो. आणि डाव्या पंखाखाली जाळीला जळून पडलेलं भोक होतं. ते बघितल्यावर आपण दोघी एकदमच बोललो.

"बघ! माझी फुलबाजी!"

शूटिंगमध्ये फुलबाजीची ठिणगी झग्यावर उडाली, तो क्षण मला आठवतो. जाळी जळाल्याचा वास, पाठीला लागलेला चटका, कुणीतरी तळहातानं थाप मारून ठिणगी विझवली ते. तुलाही तेच आठवत होतं. तोच वास, तीच थाप, तुझ्या पाठीवर. जुन्नरच्या थिएटरात दिवाळीला सिनेमा बघताना त्या पुढच्या काजव्याकडे बोट दाखवून आपण दोघी "ती मी" म्हणालो होतो, तेव्हापासूनचं हे भांडण. पुढे तुझ्या मुलानं फोनवर सिनेमाची पुसट प्रत शोधून दिली. तो प्रसंग आपण थांबवून थांबवून पाहिला. पडदाभर काजवे, सगळ्यांना मुखवटे. तू म्हणायचीस, "हात बघ की, माझाच हाय." मी म्हणायचे, चाल बघ. तुझा मुलगा म्हणाला, "आई, मावशी, ती दोघींपैकी कोण न्हाई, तो कुणीतरी गणप्या हाय," आणि आपण दोघींनी मिळून त्याला हाकलला.

त्या भोकासाठीही भांडण. तुझे हात शिवशिवायचे. "एक टाका घालते गं. उघडं भोक बघवत न्हाई." मी म्हणायचे, अजिबात नाही, ते भोक म्हणजेच तर खरेपणाची खूण. तू माझं ऐकलंस. त्या भोकाला तू कधी सुई लावली नाहीस.

हे सगळं डोक्यात घेऊन मी रविवारी ऊसतोडीवाल्यांच्या त्या झोपड्यांवर, कोप्यांवर गेले. रिकाम्या हातानं जाणं तुला चाललं नसतं, म्हणून मंचरच्या बाजारातून एक फ्रॉक घेतला. गुलाबी, झालरीचा. विकतचा आहे, मला शिवता येत नाही हे तुला माहीत आहे. सकाळ होती. बायका-माणसं उसाच्या फडात तोडणीला गेलेली. कोप्यांपुढे बैल बांधले होते, चुली विझलेल्या, उसाच्या वाळल्या पाचटाच्या ढिगावर मुलं खेळत होती. एकानं तुझी निळ्या काठाची साडी चादरीसारखी ओढून घेतली होती. एका मुलाच्या डोक्यात प्रधानाची पगडी होती. आणि ढिगाच्या टोकावर काजव्याचा झगा घातलेली एक मुलगी उसाचं कांडं सोलत बसली होती.

कोपीच्या दारात तिची आजी होती. "या बाई, बसा," म्हणाली आणि पोतं अंथरलं. मी बसले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"ए आजे, ही बाई माझ्याकडंच बघतीय."

"बघू दे. बाईला झगा आवडला आसंल."

"हा झगा कुणी दिला तुला?" मी विचारलं.

"त्या मळ्यातल्या काकूनं. मेलेल्या बाईचा हाय म्हणली."

"मग भीती नाही वाटत?"

तिनं उसाचा चोथा थुंकला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "ती बाई एवढीच व्हती का? मलाच घट्ट व्हतोय."

ती उठून वळली. तिच्या पाठीवर झग्याची बटणं लागत नव्हती, नाडीनं बांधून घेतली होती. आत स्वेटर वगैरे काही नव्हतं, नुसतं अंग. आजी म्हणाली, गावाकडे ती पहिलीत आहे.

मंदे, आपण पाचवीत होतो. तू वर्गात सगळ्यांत उंच होतीस. मुलींच्या रांगेत तू मागे, मी तुझ्या पुढे. तो झगा तुझ्या दंडातून वर चढला नसता. माझ्याही नाही.

मी तिथे पोत्यावर बसून राहिले. मग मी एकेक शक्यता मांडून पाहिली. झगा धुऊन धुऊन आटला असेल. जाळी आटत नाही, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. किंवा हा तो झगा नसेल, दुसऱ्या कुणाच्या मापाचा असेल. पण टिकल्यांचा गोल तोच आहे. आणि भोक? मी मुलीला जवळ बोलावलं. डाव्या पंखाखाली भोक नव्हतं. तिथे जांभळ्या कापडाचं ठिगळ होतं, बारीक टाक्यांनी शिवलेलं. तुझ्या जांभळ्या पोलक्याचं. फाटकं देऊ नये म्हणून हिराबाईनं ते बुजवून दिलं होतं. ठिगळावर मी बोट ठेवलं तर मुलगी "गुदगुल्या व्हत्यात" म्हणून लांब पळाली.

मग कुणीतरी लहान मूल तो झगा घालून पुढे चालत होतं, आणि आपण दोघी साध्या काजव्यांत, त्याच्या मागे, शेजारी शेजारी. म्हणून तो वास दोघींच्या नाकात. म्हणून ती थाप दोघींना आठवते. पाठीवरचा चटका दोघींना कसा आठवतो, ते मात्र मला लावता येत नाही. आणि फुलबाजी कुणाच्या हातात होती?

माझा गोंधळ याहून वेगळाच आहे. तू माणसाकडे नुसतं बघून माप सांगायचीस. बस स्टँडवरच्या बाईचं पोलकं किती इंची, हे तू मला कानात सांगायचीस आणि आपण हसायचो. तो झगा तू मिक्सरवरून उतरलेला पाहिलास. धुतलास, इस्त्री केलीस, घडी घातलीस. तुला त्या दिवशीच कळलं असणार. येसूआत्याच्या दारात तू इतकी का हसलीस, हे मला आता विचारायचं आहे. आणि कळलं होतं, तर परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून "मीच घातलेला गं, तू कितीबी पुस्तकं वाच," असं का म्हणालीस? मला हरवायला? की भांडण मिटलं तर मी पुढच्या खेपेला पिशवी उचलून येणार नाही, असं वाटलं? की तुलाही तो सोडवत नव्हता, माझ्यासारखाच? एकदा वाटतं, तुला माहीत होतं आणि तू मला सांभाळलंस. एकदा वाटतं, माप घेणारी तुझी नजर तेवढ्या एका कपड्यापुरती मिटली होती. दोन्ही पटतं. दोन्हींतली कुठली मंदा माझी, ते ठरत नाही.

मी पिशवीतून गुलाबी फ्रॉक काढला. आजी म्हणाली, "लई चांगला हाय." मुलीनं झालर चिमटीत धरून पाहिली.

"ह्याला पंख न्हाईत," ती म्हणाली, आणि परत ढिगावर चढली.

आजीनं तिला दटावलं, "उतार गं तो, बाई मागाया आली आसंल." मी म्हटलं, "नाही, राहू द्या. तिच्या अंगावर आहे." आजीला यात काय कळलं कुणास ठाऊक. तिनं चहा ठेवला. मी तो प्यायले.

येताना हिराबाईकडे थांबले. तिनं गोठ्यातलं फाटकं आणून दिलं आणि विचारलं, "गावला का झगा?" मी सांगितलं, गावला. "मग आणला न्हाई?" मी सांगितलं, मुलीनं घातलाय. तिनं मान हलवली. "मंदासारखंच बोलाय लागलीस," म्हणाली आणि दाराला कडी लावून रानात गेली. तो वाफा अर्धा खुरपायचा राहिला आहे.

त्या कोप्या फड संपेपर्यंत तिथे आहेत. मी पुढच्या रविवारी जाणार आहे, त्याच्या पुढच्याही. मुलीनं झगा धुवायला उतरवला तर विचारीन. नाही उतरवला तर त्या माणसांबरोबर तो त्यांच्या गावी जाईल.

माझ्याकडे आत्ता काळोखराजाचा डगला आहे, कोपरात फाटलेला. एक हातमोजा आहे. पंखाची एक तार आहे, जाळी नसलेली. गुलाबी फ्रॉक पिशवीत आहे. काजव्याचा झगा त्या मुलीच्या अंगावर आहे.